मुक्ती मिशन
पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्थापन केलेली ख्रिस्ती सेवासंस्था. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी वसतिगृहयुक्त शाळा काढली (पहा : शारदा सदन), पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवा यांच्या निवाऱ्यातून केडगावची वसाहत वाढली. येथे प्रार्थनेइतकेच श्रमालाही स्थान असून शेती, विणकाम व छपाई ही कामे स्त्रिया शिकत आणि करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे (पहा : बायबल) खिळे येथील स्त्रियांनीच जुळविले, संस्थेच्या श्रद्धेची चिकाटी या दीर्घ कामात सर्वाधिक स्पष्ट दिसते. संपूर्ण भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.