थडग्यातील वस्तू आणि धर्माचा निर्णय : प्रिटलवेल येथील दफनभूमी

आरंभीच्या मध्ययुगातील एखादे थडगे ख्रिस्ती व्यक्तीचे आहे, असे पुरातत्त्वज्ञाने कशावरून म्हणावे? इंग्लंडपुरते पाहता या प्रश्नास दीर्घकाळ दोन कसोट्या लावण्यात येत : प्रेत पूर्व-पश्चिम ठेवलेले असावे व त्याच्यासमवेत वस्तू पुरलेल्या नसाव्यात. या कसोट्यांचे बळ अजमावण्यास एसेक्समधील प्रिटलवेल येथील अँग्लो-सॅक्सन दफनभूमीचा पुरावा विशेष उपयुक्त आहे.

रस्तारुंदीकरणापूर्वीच्या उत्खननात 2003 मध्ये येथे लाकडी फळ्यांनी मढविलेली, सुमारे चार मीटर लांबी-रुंदीची एक दफनकक्षा उघडकीस आली. तीत तलवार, धातूची व काचेची पात्रे, तंतुवाद्य, घडीची बैठक आणि दोन फ्रँकिश सुवर्णनाणी होती. आम्लधर्मी मातीत अस्थी विरून गेल्या होत्या. दातांच्या लुकणाचे काही तुकडेच काय ते उरले. दुसऱ्या कसोटीने हे थडगे निःसंशय ख्रिस्तेतर ठरले असते. परंतु मस्तकाच्या जागी सोन्याच्या पातळ पत्र्याचे दोन क्रूस मिळाले. ते बहुधा मृताच्या नेत्रांवर ठेवलेले असावेत.

हा मृत कोण? बीड या मठवासी इतिहासकाराच्या वृत्तान्तानुसार एसेक्सचा राजा सेबर्ट याच्या राज्यात 604 मध्ये ख्रिस्ती धर्म पोचला. सेबर्ट सुमारे 616 मध्ये निवर्तला. म्हणून प्रथम हे थडगे त्याचेच मानण्याकडे कल होता. तथापि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दफनाचा काळ 575 ते 605 च्या दरम्यान निश्चित केला. त्यामुळे सेबर्टचा पक्ष दुर्बल झाला. शिवाय ऑगस्टिनचे धर्मप्रचारक मंडळ केंटमध्ये उतरले ते 597 साली. तेव्हा हे क्रूस त्या आगमनापूर्वीचेही असू शकतील. यात असंभाव्य काही नाही. केंटचा राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँकिश राजकुलातील ख्रिस्ती स्त्री होती आणि सेबर्ट हा एथेलबर्टचा भाचा होता. धर्मप्रचारकांच्या आधी सोयरीकसंबंधांतूनही धर्मचिन्हे पोचू शकत होती.

उलट बाजूही पाहावी. संत कथबर्ट 687 मध्ये मृत्यू पावला. 1827 मध्ये डरहॅम येथे त्याची शवपेटी उघडली असता तीत सुवर्णक्रूस आढळला. केंब्रिजनजीक ट्रम्पिंग्टन येथे 2011 मध्ये सापडलेल्या सातव्या शतकातील तरुणीच्या थडग्यातही गार्नेट रत्नांनी जडविलेला सुवर्णक्रूस होता, आणि तिला शय्येसह पुरले होते. म्हणजे वस्तूंचे अस्तित्व ख्रिस्तीपणाचे खंडन करीत नाही. त्याचप्रमाणे वस्तूंचा अभाव त्याचे मंडनही करीत नाही. तो दारिद्र्याचा किंवा केवळ रूढिबदलाचा परिणाम असू शकतो.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मृत स्वतःचे दफन करीत नाही. नेत्रांवरील क्रूस दफन करणाऱ्यांचा हेतू सांगतात. मृताच्या अंतःकरणातील श्रद्धा त्यांवरून केवळ अनुमानिता येते. प्रिटलवेलच्या कक्षेत क्रूस आणि तलवार एकत्र नांदतात. त्यांपैकी एकास खरे व दुसऱ्यास अपवाद ठरविणे म्हणजे संक्रमणकाळाचा पुरावाच नाकारणे होय.