शिरपेच आणि मतपेटी

जव्हारच्या राज्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे नावाच्या कोळी पुढाऱ्याने तिथल्या सत्ताधाऱ्याकडे एवढेच मागणे केले की, एका बैलाच्या कातड्यात मावेल तेवढी भुई मला द्यावी. देणाऱ्याला वाटले, मागणारा खुळा दिसतो. त्याने मान डोलावली. जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या लांबलचक वादीच्या वेढ्यात जेवढा मुलूख आला तेवढा आपला म्हणून सांगितला! पुढे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जयबाच्या मुलाला निमशहा हा किताब दिला आणि सह्याद्रीच्या या कोपऱ्यात मुकणे घराण्याचे राज्य रीतसर सुरू झाले.

आता नवल असे की, कातड्याची हीच युक्ती रोमन कवी व्हर्जिल कार्थेजच्या दिदो राणीच्या नावावर सांगतो, आणि इंग्लंडच्या जुन्या बखरींत ती हेन्गिस्ट नावाच्या सॅक्सन सरदाराच्या नावावर जमा आहे. या कथा खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हा वाद पंडितांवर सोपवू. पण तिन्ही कथांत एक गोष्ट तंतोतंत सारखी आहे. त्या भुईवर जे राबत होते, नाचणी-वरई पिकवत होते, त्यांना कुणीही काहीही विचारलेले नाही. राज्य मिळाले ते देणाऱ्याच्या गाफीलपणामुळे आणि घेणाऱ्याच्या चातुर्यामुळे.

राज्य चालवताना प्रजेला विचारावे, ही कल्पना मग आली कधी आणि रुजली कशी? युरोपातील विद्वानांनी या प्रश्नावर ग्रंथांचे डोंगर रचले आहेत. एका देशाचा अनुभव दुसऱ्याशेजारी ठेवून पाहायचा, ही त्यांची पद्धत. तीच पद्धत आपण घेऊ आणि युरोपाच्या शेजारी आपला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख ठेवून पाहू.

जव्हारगावाजवळच शिरपामाळ नावाचे एक पठार आहे. १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजीमहाराज सुरतेवर चालून गेले. त्या वाटेवर त्यांचा मुक्काम या माळावर पडला होता, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी परंपरा आहे; माळाचे नाव त्यावरूनच पडले असे जव्हारकर सांगतात. पण या स्नेहाचे आयुष्य किती? अवघी आठ वर्षे. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळे फौज घेऊन आले, त्यांनी जव्हार जिंकले, आणि विक्रमशहांना मुलूख सोडावा लागला. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळचे राजकारणच असे होते. दोन मुकुटांत तह होई, दोन मुकुटांत तो मोडे. आणि माळाखालच्या पाड्यांना बातमी लागे ती फौजेच्या धुरळ्यावरून.

त्या काळी युरोपात तरी निराळे काय होते? जनतेच्या सत्तेची भाषा तिथे लवकर निघाली, पण मताचा हक्क अगदी मोजूनमापून, चमच्याचमच्याने दिला गेला. इंग्लंडात १८३२ चा गाजलेला सुधारणा कायदा झाला, तरी मतदार राहिले मालमत्तावालेच. मग १८६७, मग १८८४, मग १९१८; आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडले. फ्रान्समध्ये पुरुषांना सरसकट मत १८४८ साली मिळाले, स्त्रियांना १९४४ साली. बेल्जियमची तऱ्हा आणखीच और! तिथे १८९३ पासून प्रत्येक पुरुषाला एक मत होते. पण घरदार, मालमत्ता किंवा पदवी असलेल्याला दोन, क्वचित तीनसुद्धा. ही व्यवस्था १९१९ पर्यंत चालली.

जव्हारकरांनी हा लांबचा पल्ला कसा गाठला ते पाहा. १९१८ साली संस्थानच्या राजधानीत नगरपालिका आली खरी, पण राज्य राजाचेच होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले, आणि १९५१-५२ च्या हिवाळ्यात देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सतरा कोटींवर मतदारांच्या त्या यादीत वारली होता, कोळी होता, ठाकूर होता, कातकरी होता. आणि त्यांच्या बायकाही होत्या. इंग्लंडला ज्यासाठी शंभर वर्षे लागली, ते इथे चार वर्षांत झाले. अक्षरशत्रू माणसे मत काय देणार, अशी शंका तेव्हा भल्याभल्यांनी बोलून दाखवली. माणसांनी चिन्हे ओळखली आणि मते दिली.

मताचा हक्क आला, की सिंहासनाचे काय होते? युरोपात या प्रश्नाची उत्तरे पुष्कळदा कडू आहेत. इटलीने २ जून १९४६ रोजी कौल घेऊन राजेशाही मोडली, आणि राजघराण्यातील पुरुष वारसांना देशात पाऊल टाकायला २००२ पर्यंत बंदी ठेवली. रुमानियाचा राजा मिहाई याच्याकडून ३० डिसेंबर १९४७ रोजी राजत्याग लिहून घेतला गेला. त्यानंतर काही महिन्यांतच जव्हारचे विलीनीकरण झाले; पण तिथल्या राजाच्या वाट्याला ना वनवास आला, ना तुरुंग. बालवयात, १९२७ साली गादीवर बसलेले यशवंतराव मुकणे काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकांपुढे उभे राहिले, १९६२ साली लोकसभेवर निवडून आले, आणि १९६७ साली डहाणू मतदारसंघातून पुन्हा गेले. ज्यांच्या वाडवडिलांनी आपल्या वाडवडिलांपुढे मान लववली, त्यांच्याकडे मत मागायला राजाच आला!

युरोपात याला जोड शोधायची तर बल्गेरियात जावे लागेल. तिथला सिमेऑन हाही बालराजाच. सहाव्या वर्षी गादीवर आला आणि नवव्या वर्षी, १९४६ साली, परागंदा झाला. पन्नासाहून अधिक वर्षांनी तो परतला, स्वतःच्या नावाचा पक्ष काढला, आणि २००१ च्या निवडणुकीत २४० पैकी १२० जागा जिंकून पंतप्रधान झाला. आठशे दिवसांत तुमचे जिणे बदलून दाखवीन, असे त्याचे वचन होते. दिवस मोजायला लोकांना येतच होते. २००९ साली त्याच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पहिले मत लोकांनी जुन्या मुकुटाकडे पाहून दिले, पुढचे हिशेब पाहून.

डहाणूतही चित्र बदलले, पण त्याची मुळे निराळी होती. ती समजायला एका नॉर्वेजियन पंडिताची मदत घेऊ. स्टाइन रोक्कान हा नॉर्वेच्या दूर उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर, मासेमारांच्या मुलखात जन्मला. राजधानीपासून दूर असलेल्यांचे मन त्याला ठाऊक होते. १९६७ साली लिप्सेट या अमेरिकन विद्वानाबरोबर त्याने एक सिद्धांत मांडला. पक्ष हे पुढाऱ्यांच्या डोक्यातून निघत नाहीत; ते समाजातल्या जुन्या भेगांतून उगवतात, असे त्याचे सार. राजधानी आणि आडप्रदेश, राज्य आणि चर्च, शेती आणि कारखाना, मालक आणि मजूर, अशा त्या चार भेगा. भेग एकदा पक्षाच्या रूपाने बोलू लागली, की दोन दोन पिढ्या तो पक्ष तिथून हलत नाही.

या सिद्धांताची प्रचीती पाहायला ऑस्लोला जाण्याची गरज नाही. जव्हारच्या शेजारी, डहाणू-उंबरगाव भागात जमीनदारांची वेठबिगार होती. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने वारल्यांना तिच्याविरुद्ध उभे केले. त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाडे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मेले. ही रोक्कानची मालक-मजुरांची भेग. आणि तिला रक्ताचा रंग होता. १९५७ साली शामराव लोकसभेत गेले. १९७७ साली, दहा वर्षांपूर्वी ज्या डहाणूने राजाला निवडले होते, त्याच डहाणूने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या लहानू कोम या आदिवासी कार्यकर्त्याला दिल्लीला धाडले. आणि २०१९ व २०२४ साली डहाणूच्या विधानसभेच्या जागेवर पुन्हा हाच पक्ष आला. भेग किती खोल असते, ते यावरून समजावे.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची. पण खरी परीक्षा पुढेच आहे. मत मिळाले म्हणून पोट भरते काय? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने आणि आजारांनी शंभराहून अधिक बालके दगावली. चाळीस वर्षे या पाड्यांनी मते दिली होती. त्यांचे प्रतिनिधी मुंबईत होते, दिल्लीत होते. पण पाड्यावरचे रडे तिथे पोचले ते तिरड्या उठल्यावर. राजधानी आणि आडप्रदेश ही रोक्कानची पहिली भेग मतपेटीने भरून निघत नाही, हे या मुलखाने फार मोठी किंमत देऊन शिकवले. पाच वर्षांतून एकदा मत देऊन गप्प बसले, की मताचा नजराणा होतो, आणि नजराण्याचा हिशेब कुणी देत नसतो.

मग उपाय काय? इथे स्वित्झर्लंडकडे पाहणे फलदायी ठरेल. त्या देशातही डोंगर आहेत, विखुरलेली वस्ती आहे. तिथल्या ग्लारुस प्रांतात दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सारे नागरिक उघड्या मैदानावर जमतात, कायदे आणि कर यांवर चर्चा करतात आणि हात वर करून निर्णय घेतात. कुणीही उठावे, दुरुस्ती सुचवावी. २००६ साली याच मैदानात त्यांनी पंचवीस ग्रामपालिकांच्या तीन करून टाकल्या! अर्थात या चंद्रालाही डाग आहेच. आपेंझेल इनररोडेन प्रांतातल्या पुरुषांनी आपल्या सभेत स्त्रियांना मत द्यायला १९९० सालीसुद्धा नकार दिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला हुकूम काढावा लागला. आपल्या वारलीणीला तो हक्क तेव्हा चाळीस वर्षे जुना झाला होता.

अशी उघड्यावरची सभा जव्हार-मोखाड्याला परकी नाही. पाड्यावरचे तंटे बसून, बोलून मिटवण्याची चाल जुनीच. १९९६ साली संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पेसा कायदा केला आणि त्या बैठकीला कायद्याचे बळ दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गौण वनोपज, सावकारी, दारूचे दुकान, जमिनीचे संपादन, या साऱ्यांत आता ग्रामसभेला बोलण्याचा हक्क आहे. २०१५ पासून आदिवासी विकासाच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींकडे जाऊ लागला, आणि तो कशावर खर्चावा हे ठरवायचे ग्रामसभेने.

हक्क कागदावर उतरला, म्हणजे तो अंगणात आला असे नव्हे. ग्लारुसच्या लोकांनाही ती सवय शतकांच्या मेहनतीने लागली आहे. सभेची नोटीस वेळेवर लागली का, पैशाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवला का, पाठीमागे बसलेल्या बाईचे म्हणणे लिहून घेतले का, अशा बारीकसारीक गोष्टींतच लोकशाही जगते किंवा मरते. पंडितांचे तौलनिक ग्रंथसुद्धा शेवटी याच गोष्टी मोजत असतात.

जयबाने कातड्याच्या वादीने मुलूख वेढला, तेव्हा आतल्या माणसांना विचारण्याची रीत नव्हती. आज ती रीत आहे, कायदा आहे, निधीही आहे. तेव्हा जव्हारकडे जाणाऱ्या वाचकांनी शिरपामाळ जरूर पाहावा, महाराजांच्या स्मृतीला वंदन करावे; आणि वाटेत एखाद्या पाड्यावर ग्रामसभा भरलेली दिसली, तर चार घटका तिथेही थांबावे. या मुलखाच्या इतिहासाचे चालू पान तिथे लिहिले जात आहे.