गाठ, गाडी आणि वय

वऱ्हाडातल्या साठीपुढच्या बाईच्या छातीतल्या गाठीचं काय करायचं, हे पुष्कळ वर्षं आगगाडीने ठरवलं. मी अकोल्यात परिचारिका होते, आता निवृत्त होऊन जठारपेठेत राहते. ऐकीव सांगत नाही.

१९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे रात्रीची मुंबई गाडी आणि पहाटे दादर. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथे उतरतात. बाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. पुढे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय झालं. महाराज स्वतः १९६८ साली कॅन्सरनेच गेले होते. अंतर निम्म्याहून कमी झालं, पण शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा तर तिथेही मुक्काम चुकत नव्हता.

आणि सगळं त्या शेकापाशीच अडायचं. हालस्टेड या अमेरिकन सर्जनने १८९४ साली मांडलेली शस्त्रक्रिया जगभर पाऊणशे वर्षं चालली: स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. मग हात सुजायचा. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात सुजला की तिचा हंगामच गेला. १९८१ साली इटलीत वेरोनेसी यांनी आणि १९८५ साली अमेरिकेत फिशर यांनी दाखवून दिलं, की लहान गाठ तेवढीच काढून शेक दिला तरी बाई तितकीच जगते. पण तो शेक पाच-सहा आठवड्यांचा. मूर्तिजापूरकडच्या एक आजी सर्जनला सरळ म्हणाल्या, "महिनाभर नागपूरले माह्याजवळ कोन राहीन? तूर सोंगाची हाय. पुरंच काढून टाका." केसपेपरवर लिहिलं गेलं, रुग्णाची इच्छा. ही इच्छा कितपत आणि तुरीचा हंगाम कितपत, ते लिहायला केसपेपरात रकाना नव्हता.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणायची, "आता या वयात कायले कापाकापी?" आजी आत खाटेवर, निकाल व्हरांड्यात. मला याचा राग यायचा, अजून येतो. वय हे कारण म्हणून खोटं नाही. पण ते मोजायला हवं, नुसतं उच्चारून भागत नाही.

मोजलं गेलं ते अमेरिकेत, १९९४ ते १९९९ या काळात. सत्तरीच्या पुढच्या ६३६ बायका, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, हार्मोनला प्रतिसाद देणारी. गाठ काढून सगळ्यांना टॅमोक्सिफेनची गोळी, शेक मात्र निम्म्यांनाच. दहा वर्षांनी शेक न घेतलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणींचा आजार त्याच बाजूच्या स्तनात किंवा काखेत परतला होता, शेक घेतलेल्यांत दोघींचा. जगण्यात फरक नाही. त्या बायकांपैकी ३३४ वारल्या, त्यातल्या फक्त २१ स्तनाच्या कॅन्सरने. बाकीच्यांना दुसऱ्याच कारणांनी मरण आलं. म्हणजे आजीचा रक्तदाब आणि साखर बघितल्याशिवाय तिच्या गाठीचा धोका सांगताच येत नाही.

पण यात मेख आहे. ही सूट लहान गाठीला. आमच्याकडे बाई दाखवायला येते ती गाठ लिंबाएवढी झाल्यावर. शिवाय गोळी रोज, पाच वर्षं. ती मध्येच सुटली तर हिशोब बदलतो, आणि गोळ्या संपल्याचं आजी सुनेला सांगतच नाही.

पैशाचा अडसर थोडा उशिरा हलला. सरकारची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत आली, त्यात अमरावती होता. अकोल्याला २०१३ उजाडलं. आता तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. शेकही आखडला: आधी तीन आठवडे, आणि २०२० साली ब्रिटनमधल्या अभ्यासाने अनेक जणींना पाच दिवसही पुरतात असं दाखवलं. मूर्तिजापूरच्या आजींनी पाच दिवस काढले असते.

राहिला गाठ लवकर सापडण्याचा प्रश्न. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास मला सगळ्यांत जवळचा. त्यात यंत्र नव्हतं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या. २०२१ साली निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. ज्या वयाला व्हरांड्यात "आता कायले" म्हणत होते, हात लावून बघण्याचा उपयोग नेमका त्याच वयात झाला.