पाटीवरचं एम.ए.

दिवाळीत भाची चार दिवस अकलोलीला राहायला आली होती. पहाटे कुंडावर गरम पाण्याची अंघोळ आणि मग तानसेच्या काठाने रमतगमत घरी, हा आमच्याकडे पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम. तिने यंदा संख्याशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केलं. घराच्या दारात आल्यावर पाटीकडे बघून म्हणाली, "मामा, तू एम.ए. गणित ना? मग मला सांग, पीएच.डी.ला एवढ्या पायऱ्या कशाला? आधी नेट, मग मुलाखत, मग कोर्सवर्क, त्याची परत परीक्षा. अभ्यास करायचा कधी?"

"सांगतो" म्हणालो आणि चहा टाकायला आत सटकलो. पाटीचं प्रकरण शेवटी सांगेन. आधी तिच्या प्रश्नाकडे वळतो. तिला तेव्हा अर्धवटच उत्तर दिलं होतं, आणि घरातली बाकीची मंडळीही हे वाचतीलच.

गोष्ट सुरू होते १८५७ साली. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ आलं तेच मुळी परीक्षा घेणारी संस्था म्हणून. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. त्या काळात ही कल्पना मोठीच होती. पेपर तपासणाऱ्याला मुलगा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त उत्तर.

गंमत अशी, की या पदवीधरांना गणित शिकवणाऱ्यांत स्वतः पदवी नसलेले लोक होते. टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गुरू केरूनाना छत्रे. विद्यापीठ जन्मलं तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती, त्यामुळे पदवी मिळवायची सोयच नव्हती. ते कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, आणि त्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ काढला. टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले, पण एम.ए. काही त्यांच्या हाती लागलं नाही. पुढे ते एलएल.बी. झाले. एम.ए. राहून गेलेल्यांच्या यादीत इतकं मोठं नाव आहे याचा मला फार आधार वाटतो. का, ते कळेलच.

परीक्षेचं कौतुक कळसाला पोचलं ते १८९९ साली. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, आणि ते पहिले भारतीय सीनियर रँग्लर. (पहिला नंबर विभागून होता, हे आपण सांगायला विसरतो.) पुढे जन्मभर त्यांच्या नावामागे 'रँग्लर' लागलं. पण त्या परीक्षेवर खुद्द केंब्रिजमधले हार्डी यांच्यासारखे गणिती टीका करू लागले होते. पेपर भराभर सोडवायचे डावपेच शिकवले जातात, नवं गणित बाजूला राहतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९०९ नंतर तिथे क्रमवारी जाहीर करणं बंद झालं. आपल्याकडे मात्र नंबराचं वेड राहिलं, ते अजून आहेच.

संख्याशास्त्राचा रस्ता तर फारच उशिरा तयार झाला. कलकत्ता विद्यापीठाने १९४१ साली या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं, आणि सी. आर. राव १९४३ साली तिथून एम.ए. झाले. त्याआधी आपल्याकडच्या मुलाने गणित घ्यायचं आणि पुढे परदेशी जायचं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे लंडनला गेले आणि १९३६ साली पीएच.डी. होऊन आले. कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार केंब्रिजहून आले आणि १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख म्हणून १९६३ साली शरच्चंद्र श्रीखंडे आले. ऑयलरने १७८२ साली मांडलेला एक अंदाज १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासोबत खोटा पाडणारे ते हेच. आज भाचीला भिवंडी-ठाण्याकडे राहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करता आलं, त्यामागे एवढं सगळं आहे.

आता तिच्या पायऱ्या. एम.एस्सी. म्हणजे चार सत्रं, श्रेयांक, अंतर्गत गुण आणि सत्रांत परीक्षा. पीएच.डी.चं कोर्सवर्क आलं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. तेव्हाच, प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून आलेला हवा, अशीही अट घातली गेली. मग काय, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली, एम.फिल. बंद केलं आणि कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं ठेवलं, त्यात किमान ५५ टक्के. म्हणजे अट घालायची, लोकांनी पळवाट काढायची, मग अट बदलायची, हा खेळ चालूच आहे.

मग अटी नकोतच का? इथे मला दोन माणसं आठवतात.

एक दामोदर धर्मानंद कोसंबी. हार्वर्डमधून १९२९ साली बी.ए. होऊन परतले, पीएच.डी. कधीच केली नाही. फर्ग्युसनमध्ये बारा वर्षं गणित शिकवलं, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४४ साली त्यांनी दिलेलं एक सूत्र जनुकांमधली अंतरं मोजायला आजही वापरतात. आजच्या नियमांनी त्यांना कॉलेजात साधं सहायक प्राध्यापकही होता आलं नसतं, कारण पदव्युत्तर पदवीच नाही.

दुसरे आमच्याच बाजूचे, द. रा. कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आता डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत आमचा त्यांचा ठाणे जिल्हा एकच. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन, १९२९ साली बी.एस्सी. आणि मग १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही. मी वर्गात मुलांना त्यांचं ६१७४ दाखवायचो. त्यांच्या निवृत्तीचं सालच घ्या, १९६२. अंक उतरत्या क्रमाने ९६२१, चढत्या क्रमाने १२६९, वजा केले की ८३५२. पुन्हा तसंच: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे मास्तर कळले.

या दोघांकडे बघून 'पदवीला काय अर्थ आहे' म्हणणं सोपं आहे. मी स्वतः बरीच वर्षं तेच म्हणत आलो. पण ते खरं नाही. कोसंबी हार्वर्डला शिकलेले, घरात धर्मानंदांसारखा पंडित. अकलोलीच्या मुलीची ओळख कोणाशी? तिला दारातून आत नेणारी गोष्ट म्हणजे तीच, पेपर तपासणाऱ्याला गाव दिसत नाही ती. अट तिच्यासाठी भिंत आहे तशी शिडीही आहे. फक्त परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. पीएच.डी.त प्रश्नही आपणच शोधायचा, आणि ते शिकवणारं कोर्सवर्क अजून निघालेलं नाही. कापरेकर ते परीक्षेशिवाय करू शकले. माझ्यासारख्याला ते परीक्षेतूनही जमलं नाही.

आता पाटी. शाळेत नोकरी करता करता मी बाहेरून एम.ए.ला बसलो. पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी एका पेपरात ३१ मिळाले, हवे होते ४०. 'पुढच्या ऑक्टोबरला बसू' म्हणालो, तो ऑक्टोबर आलाच नाही. वास्तुशांतीला मेहुण्याने हौसेने पाटी करून आणली, तिच्यावर नावापुढे 'एम.ए.'. चारचौघांत काय बोलणार? गप्प बसलो. मग लग्नपत्रिकांत छापून आलं, निरोप समारंभात बोललं गेलं. नियमांना नावं ठेवणं मला इतकं सोपं का जायचं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

भाची जायला निघाली त्या सकाळी तिला हे सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "कुठला पेपर, मामा?" म्हटलं, "अ‍ॅनालिसिस." तर म्हणे, "नेटला मलाही तोच नडलाय. जानेवारीत येते, दोघं मिळून करू."

पाटी काल उतरवली. रंगाऱ्याला नुसतं नाव लिहायला सांगितलंय. अ‍ॅनालिसिसचं पुस्तक माळ्यावरून खाली काढलंय, त्याला वाळवी लागलेली नाही. असो.