एकात्मीकरण घटकांचे अवस्था-नियमन
एकात्मीकरण घटकांचे अवस्था-नियमन : दोन वा अधिक संगणक प्रणालींमध्ये संदेशांची देवाणघेवाण घडवून आणणारे घटक बसविणे, चालू करणे, थांबविणे व काढून टाकणे यांचे नियंत्रण. हे घटक एकाच वेळी अनेक सर्व्हरच्या समूहावर म्हणजे क्लस्टरवर चालत असल्यास हे काम विशेष कठीण होते.

अशा जोडणीचे महत्त्व महसुली व्यवहारांत सहज दिसते. वाशीम जिल्ह्यातील शेतजमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविले गेले, की त्याची माहिती नोंदणी विभागाच्या प्रणालीतून ई-फेरफार प्रणालीकडे जाते व तिच्या आधारे फेरफाराची कार्यवाही सुरू होते. असा कोणताही दुवा संदेश वाटेत असताना खंडित झाला, तर दस्त नोंदलेला पण सातबाऱ्यावर नाव मात्र जुनेच, अशी स्थिती उद्‌भवू शकते. म्हणून दुवा बंद करण्याची रीत ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

इतिहास : जावा भाषेच्या क्षेत्रात या क्रियांना प्रमाणरूप देण्याचा प्रमुख प्रयत्न म्हणजे २००५ मध्ये संमत झालेले ‘जावा बिझनेस इंटिग्रेशन’ हे मानक (जेएसआर २०८) होय. त्यात सेवा पुरविणारी इंजिने आणि बाह्य प्रणालींशी संपर्क साधणारे बंधक घटक असे दोन प्रकार मानले असून, प्रत्येकास ‘बंद’, ‘थांबलेला’ व ‘चालू’ अशा तीन अवस्था ठरवून दिल्या. थांबविणे व बंद करणे या पायऱ्या वेगळ्या असल्याने नवे काम आधी रोखता येते, हाती असलेले पुरे करता येते व त्यानंतर साधने मोकळी करता येतात.

तथापि हे मानक एकाच जावा यंत्रापुरते होते. समूहाचा विचार उत्पादकांवर सोडलेला होता. सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकाराने तयार झालेल्या ग्लासफिश सर्व्हरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००७) समूहाची सोय आली. तीत मध्यवर्ती प्रशासक सर्व्हर संपूर्ण समूहाची अपेक्षित मांडणी जपून ठेवी; आज्ञेच्या वेळी बंद असलेला सर्व्हर पुन्हा सुरू होताना त्या मांडणीशी जुळवून घेई. यातून एक मूलभूत भेद स्पष्ट झाला : घटकाची अपेक्षित अवस्था एकच असते, प्रत्यक्ष अवस्था मात्र प्रत्येक सर्व्हरवर वेगळी असू शकते. चारांपैकी तीन सर्व्हरवर घटक चालू असेल, तर ‘चालू’ किंवा ‘बंद’ यांपैकी कोणतेही एक उत्तर प्रशासकाची दिशाभूल करते.

आयबीएम, बीईए आदी कंपन्यांनी २००५ मध्येच ‘सर्व्हिस कॉम्पोनंट आर्किटेक्चर’ या पर्यायाचा पुरस्कार केला. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली आणि जावा बिझनेस इंटिग्रेशनची पुढील आवृत्ती पूर्ण होऊ शकली नाही. अपाची सर्व्हिसमिक्स हा प्रकल्पही ओएसजीआय या अधिक सूक्ष्म अवस्था असलेल्या घटकपद्धतीकडे वळला.

मानक मागे पडले, तरी वरील भेद टिकून राहिला. गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या कुबर्नेटीस प्रणालीचा तो पायाच आहे : अपेक्षित अवस्था लिहून ठेवावयाची, प्रत्यक्षाशी ती सतत ताडून पाहावयाची व तफावत आढळल्यास दूर करावयाची. मात्र घटक पुन्हा उभा राहिला, तरी वाटेतील संदेश आपोआप परत येत नाही. त्यासाठी संदेश टिकाऊ रांगेत साठविणे, पोहोच मिळेपर्यंत तो न पुसणे आणि तोच संदेश दुसऱ्यांदा आल्यास नोंद दुबार होऊ न देणे, ही दक्षता स्वतंत्रपणे घ्यावी लागते.