बिनखुणेची सरकारी गाडी

वेष पालटून रात्री नगरात हिंडणाऱ्या राजाच्या गोष्टी आपण सर्वांनीच बालपणी ऐकल्या आहेत. राजा मुकुट उतरवून प्रजेत मिसळे, चोराचा माग काढी. पण सकाळी न्यायाला बसताना मात्र तो मुकुट घालूनच बसे. गोष्टीचा हा उत्तरार्ध आपण सहसा विसरतो. तपासासाठी फिरणाऱ्या बिनखुणेच्या सरकारी गाड्यांचा इतिहास पाहू लागलो, की तोच आठवावा लागतो.

१८२९ साली लंडनचे महानगर पोलीस दल उभे राहिले, तेव्हा शिपायाचा क्रमांक त्याच्या कॉलरवर ठळक दिसे. गुप्त हेरांची तेथील जनतेला मोठी धास्ती होती. साध्या वेषातील तपासनिसांची लहानशी शाखा निघायला १८४२ साल उजाडावे लागले.

पुढे पहिले महायुद्ध संपले आणि लंडनमध्ये चोऱ्या-दरोडे वाढले. पोलिसांची ठाणी हद्दींनी बांधलेली. चोरांना हद्द कसली? तेव्हा ऑक्टोबर १९१९ मध्ये फ्रेडरिक वेन्सली या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने बारा तपासनिसांचे एक फिरते पथक नेमण्यात आले. त्यांचे वाहन म्हणजे भाड्याने घेतलेली, कापडाने झाकलेली घोडागाडी! कापडाला बारीक भोके पाडलेली होती. आतील मंडळी त्यांतून रस्ता न्याहाळीत. बाहेरच्यांना ती मालाची गाडी वाटे. १९२० मध्ये पथकाला दोन मोटारी मिळाल्या. मोटारींना कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा होती, त्या काळी या ताशी ३५ मैल धावत. हेच पुढे ‘फ्लाइंग स्क्वाड’ म्हणून प्रसिद्धी पावले.

येथवर कोणाची तक्रार असू नये. दवंडी पिटून चोर सापडत नाही. परंतु हेच साधन दुसऱ्या हाती पडले की काय होते, ते अर्जेंटिनाने पाहिले. २४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली. क्रमांकाची पाटी नसलेल्या हिरव्या फोर्ड फाल्कन मोटारी दारांशी थांबू लागल्या. साध्या वेषातील माणसे तरुणांना उचलून नेत. कोणी नेले, कोठे नेले, याचा पत्ता कोणतीही कचेरी देत नसे. एप्रिल १९७७ पासून त्या मुलांच्या माता राजधानीतील मे चौकात जमून एकच प्रश्न विचारू लागल्या: आमची मुले कोठे आहेत? लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली.

गाडी दोन्हीकडे बिनखुणेचीच. मग भेद कोठे? लंडनचा तपासनीस गाडीतून उतरून आरोपीला धरी, तेव्हा तो पोलीस असे आणि आरोपीला न्यायालयापुढे उभे करी. ब्युनोस आयर्सच्या गाडीतून उतरणारा अखेरपर्यंत निनावीच राहिला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात हाच भेद नियमांत बांधला. अटक करणाऱ्याने आपले नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल असा धारण करावा, अटकेची तारीख-वेळ नोंदवून पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, आप्तांना कळवावे.

टेहळणी करताना शासनाने खुशाल अनामिक राहावे. नागरिकाच्या खांद्यावर हात पडेल, त्या क्षणी मात्र त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे. ते नाव विचारण्याचा हक्क आपला आहे.