पावसाळ्याआधीची फ्लूची लस आणि डॉक्टरांचा शब्द

पाटण - कोयना खोऱ्यात पावसाने जोर धरला, की दवाखान्यांच्या बाकांवर सर्दी, खोकला आणि तापाच्या रुग्णांची गर्दी होऊ लागते. त्यातील बहुतेकांचा आजार आठवडाभरात बरा होतो; परंतु वयोवृद्ध, गर्भवती, तसेच मधुमेह, दमा व हृदयविकाराचे रुग्ण यांच्यापैकी काहींना इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, न्यूमोनियापर्यंत नेऊन पोचवतो. या आजारावर लस उपलब्ध आहे. तरीही ती घेणारे थोडेच असतात. फलक वा जाहिरातींपेक्षा नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत केलेली शिफारस रुग्णाला लसीकडे वळविण्यात अधिक परिणामकारक ठरते, असे देशोदेशींच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. ही शिफारस कोणाला, केव्हा आणि कशी करावी, याविषयी ही माहिती.

साथीचा इतिहास

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली आणि सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेने गावेच्या गावे आजारी पाडली. त्या काळी लस नव्हती. माणसातील फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तोच १९३३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. हा देशातील पहिला बळी होता.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, झायडस कॅडिला कंपनीची इंजेक्शनद्वारे आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची नाकावाटे द्यावयाची अशा दोन भारतीय लसी बाजारात आल्या. त्याच वर्षी केंद्र शासनाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातूनही लस मागविली होती. मात्र ज्यांच्यासाठी ती आणली, त्या कर्मचाऱ्यांचाच प्रतिसाद थंड राहिला. इतरांना लस सांगणाऱ्यांची स्वतःची खात्री पटलेली असणे किती आवश्यक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

२००९ चा तो विषाणू पुढे नाहीसा झाला नाही; तो आता हंगामी फ्लूचाच एक प्रकार आहे. २०१५ आणि २०१७ मध्ये राज्यात त्याचे मोठे उद्रेक झाले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गर्भवती, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी शासकीय रुग्णालयांतून मोफत, ऐच्छिक लसीकरण सुरू केले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र या लसीचा समावेश नाही. त्यामुळे शासकीय केंद्रात लस आहे का, हे आधी विचारून घ्यावे लागते. खासगी दवाखान्यात तिचा खर्च साधारणतः हजार ते दोन हजार रुपयांच्या घरात जातो.

एप्रिल-मे महिनेच का?

युरोप-अमेरिकेत फ्लूचा हंगाम हिवाळ्यात येतो. म्हणून तेथे ऑक्टोबरच्या सुमारास लस देतात. महाराष्ट्रात मात्र मुख्य साथ पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात असते. लस घेतल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. यास्तव एप्रिल-मे हा काळ योग्य मानला जातो. विषाणू सतत रूप बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. गतवर्षीची लस यंदा पुरत नाही, ती यामुळेच.

पाटण तालुक्याच्या दृष्टीने मे महिन्याला आणखी एक महत्त्व आहे. येथील असंख्य घरांतील कर्ती माणसे माथाडी कामगार म्हणून किंवा अन्य व्यवसायानिमित्त मुंबई व नवी मुंबईत राहतात. सुटीत ती गावी येतात. आईवडिलांच्या औषधपाण्याचा निर्णय आणि खर्च अनेकदा त्यांच्याच हाती असतो. वृद्ध रुग्ण आणि त्याचा मुलगा एकाच वेळी डॉक्टरांसमोर बसतात, तो हा काळ. मुलगा पुन्हा गणपतीला येतो, तेव्हा हंगामाचा बराचसा भाग उलटून गेलेला असतो.

शिफारस कशी करावी?

लस सांगण्यासाठी वेगळे शिबिर भरविण्याची वाट पाहू नये. मधुमेह वा रक्तदाबाची गोळी नेण्यासाठी रुग्ण दरमहा येतो. गर्भवती नियमित तपासणीला येते. हीच संधी होय. "लस घेतली तर बरे, पाहा तुमचे तुम्ही," असे म्हटल्यास रुग्ण ती टाळतो. त्याऐवजी, "आबा, तुम्हाला साखरेचा त्रास आहे. पाऊस लागायच्या आत फ्लूची लस घ्यायची आहे, आजच देऊ या. मी स्वतः घेतली आहे," असे सांगितल्यास निर्णय सोपा होतो. रुग्णाने नकार दिला, तर वाद न घालता कारण विचारावे, शंका दूर करावी आणि पुढील भेटीत विषय पुन्हा काढावा.

परिचारिका, औषध विक्रेते आणि आशा स्वयंसेविका यांच्याकडूनही रुग्णाला तेच उत्तर मिळाले पाहिजे. एकाने "घ्या" आणि दुसऱ्याने "काही गरज नाही" म्हटल्यास रुग्ण दुसऱ्याचेच ऐकतो. दवाखान्यातील मधुमेही व दम्याच्या रुग्णांची यादी मार्चमध्येच काढून ठेवावी. दूरच्या वाडीवस्तीवरील रुग्णांना आधी निरोप द्यावा, म्हणजे एकाच फेरीत काम होते.

नेहमीच्या शंका

लसीने फ्लू होतो का? इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे फ्लू होत नाही. हात दुखणे, एक-दोन दिवस कणकण येणे शक्य आहे. हे आधीच सांगितल्यास गैरसमज टळतो.

लस घेऊनही फ्लू झाला तर? लस आणि साथीतील विषाणू यांचा मेळ चांगला असलेल्या वर्षी ती साधारणतः ४० ते ६० टक्के संरक्षण देते. हा आकडा लपवू नये. आजार झालाच, तरी तो गंभीर होण्याचा धोका लसीमुळे कमी होतो. साध्या सर्दीवर मात्र या लसीचा उपयोग नाही.

कोविडची लस घेतली, मग ही कशाला? दोन्ही विषाणू भिन्न आहेत. कोविडची लस फ्लूपासून संरक्षण देत नाही. 'स्वाइन फ्लूची लस' वेगळी मागण्याचीही गरज नाही. वार्षिक लसीत त्या प्रकाराचा समावेश असतो.

गर्भवतींनी घ्यावी का? होय, इंजेक्शनची लस घ्यावी. तिचा लाभ जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने मिळतो. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही, हे लक्षात घेता याचे मोल अधिक आहे. नाकावाटे देण्याची जिवंत विषाणूची लस गर्भवतींसाठी नाही.

मुलांना किती मात्रा? नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. त्यानंतर दरवर्षी एक.

ही काळजी घ्यावी

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ती गोठू देऊ नये. यापूर्वी या लसीची तीव्र ॲलर्जी झालेल्यांना ती देऊ नये. सध्या तीव्र ताप असल्यास बरे होईपर्यंत थांबावे.

लस घेतलेल्या रुग्णालाही धोक्याची लक्षणे सांगून ठेवावीत. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी येणे किंवा ओसरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. फ्लूवरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. भर पावसात डोंगरावरील वाडीतून पाटणला आणि तेथून कऱ्हाडला रुग्ण आणण्यातच यातील बराच वेळ जाऊ शकतो. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा जुनाट आजाराचा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांनी विषय काढण्याची वाट न पाहता मे महिन्यातच स्वतःहून विचारणा करणे श्रेयस्कर होय.